परक्या देशात काम शोधताना : पहिल्या दोन वर्षांची वाटचाल, पायरी पायरीने

जुलै २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडा, अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, स्पेन, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या ९ देशांतल्या सुमारे १ कोटी ३५ लाख लोकांच्या कमाईच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. बाहेरून आलेल्यांची कमाई स्थानिकांपेक्षा सरासरी १७.९ टक्क्यांनी कमी निघाली. एवढ्यावर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. पण पुढचा निष्कर्ष परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने मनात पक्का करून ठेवावा असा आहे. एकाच कंपनीत एकच काम करणाऱ्या स्थानिक आणि परदेशी माणसाच्या पगारातला फरक या तफावतीचा साधारण एक चतुर्थांश भाग होता. उरलेला तीन चतुर्थांश भाग आला तो चांगला पगार देणारी क्षेत्रं, कंपन्या आणि पदं यांच्यापर्यंत ही माणसं पोचलीच नाहीत म्हणून.

याचा सरळ अर्थ असा की पगाराची बोलणी महत्त्वाची असली, तरी आपण कुठल्या कामात शिरतो हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे. आणि तिथेच नवखी माणसं घाईत निर्णय घेतात. घरभाडं डोक्यावर असतं, बरोबर आणलेले पैसे संपत असतात, समोर येईल ते काम धरलं जातं. खालच्या पायऱ्या मी त्या घाईला थोडा लगाम बसावा म्हणून लिहितो आहे.

पायरी १ : तुमच्या कामाला परवाना लागतो का?

निघण्याआधीच हे शोधा. प्रत्येक देशात पेशांचे दोन गट असतात. पहिल्या गटात परवाना किंवा नोंदणीशिवाय काम करताच येत नाही : डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, वकील, बऱ्याच ठिकाणी शाळाशिक्षक आणि इलेक्ट्रिशियन. दुसऱ्या गटात मालकाला तुम्ही पटलात की पुरे : सॉफ्टवेअर, मार्केटिंग, विक्री, डिझाइन, गोदाम व्यवस्थापन वगैरे. अभियंते मधल्यामध्ये अडकतात. कॅनडात 'प्रोफेशनल इंजिनीअर' म्हणवून घ्यायला प्रांताच्या संस्थेचा परवाना लागतो, पण त्या परवानाधारकाच्या हाताखाली अभियांत्रिकीचं काम परवान्याशिवायही करता येतं.

परवान्याचा कारभार कोण पाहतं, हेही नीट बघा. ऑस्ट्रेलियात डॉक्टर-परिचारिकांची नोंदणी देशपातळीवर होते. कॅनडात प्रत्येक प्रांताचं वेगळं असतं, त्यामुळे नातेवाईक ज्या शहरात आहेत तिथे आधी उतरून मग परवान्याचा विचार केला, तर आपल्या पेशासाठी तो प्रांत अवघड निघू शकतो. जर्मनीत डॉक्टरांचा अर्ज राज्याच्या कार्यालयाकडे जातो, आणि पदवीबरोबरच वैद्यकीय जर्मन भाषेची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

परवान्याला दोन-तीन वर्षं लागणार असतील तर त्या काळात काय करणार, याचा विचारही आत्ताच करायचा. डॉक्टरला क्लिनिकल संशोधनात सहायक म्हणून किंवा रुग्णालयाच्या प्रशासनात काम मिळू शकतं. परिचारिकेला सहायक काळजीवाहक म्हणून, शिक्षकाला वर्गसहायक म्हणून. पद खालचं वाटेल, पण आवार तेच असतं आणि ओळखी त्याच क्षेत्रातल्या होतात.

पायरी २ : कागद

पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था ठरलेल्या असतात. ब्रिटनमध्ये 'यूके एनिक', न्यूझीलंडमध्ये 'एनझेडक्यूए', कॅनडाच्या स्थलांतरासाठी 'डब्ल्यूईएस' आणि आणखी काही मान्य संस्था, ऑस्ट्रेलियात पेशानुसार वेगवेगळ्या संस्था. जर्मनीत 'अनाबिन' नावाच्या मोफत माहितीसाठ्यात आपलं विद्यापीठ आणि पदवी तिथे कशी मोजली जाते, हे घरबसल्या बघता येतं.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. व्हिसासाठी केलेलं मूल्यांकन म्हणजे काम करायचा परवाना नव्हे. 'तुमची पदवी आमच्याकडच्या पदवीइतकी आहे' असा कागद हातात आला, व्हिसासाठी लागणारे गुण मिळाले, व्हिसा मिळाला, आणि तिथे उतरल्यावर कळलं की पेशाच्या मंडळाला हा कागद चालतच नाही, त्यांची परीक्षा वेगळी. दोन्ही अर्जांची माहिती एकाच वेळी काढा.

निघण्याआधी गोळा करायच्या गोष्टींत सगळ्यांत दुर्लक्षित असतं ते जुन्या कंपनीचं अनुभवपत्र. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कामाला होते, वर्तणूक चांगली' एवढ्या दोन ओळींचा परदेशात काहीही उपयोग होत नाही. पद, आठवड्याचे तास, रोजची कामं, वापरलेली यंत्रं किंवा सॉफ्टवेअर, हाताखाली किती माणसं, सही करणाऱ्याचं पद आणि संपर्क, हे सगळं पत्रात हवं. नोकरी सोडून वर्ष झाल्यावर तिकडून ईमेलवर हे पत्र मागवणं म्हणजे मोठी कसरत असते, कारण तोवर साहेब बदललेले असतात. अभ्यासक्रमाची विषयवार माहितीही विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल किंवा दोन कागदांवर स्पेलिंग वेगळं असेल, तर त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या.

जर्मनीसारख्या ठिकाणी 'अंशतः मान्यता' असा निकाल येऊ शकतो. बरेच जण तो नकार समजून कागद फाइलमध्ये टाकून देतात. वास्तविक त्यात नेमकं काय कमी पडतं ते लिहिलेलं असतं, आणि तेवढंच प्रशिक्षण किंवा परीक्षा पूर्ण केली की पूर्ण मान्यता मिळते.

पायरी ३ : कामाची भाषा

परीक्षेत चांगले गुण मिळवलेला माणूस पहिल्याच फोनवर अडखळतो, कारण परीक्षेने फोनची तयारी करून घेतलेली नसते. जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी असलेल्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारणपणे ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या ओळखीचे असतात. तिथेही कामाची भाषा शिकायला त्यापुढचे वेगळे वर्ग आहेत. तुमच्या पेशातली शंभर-दीडशे वाक्यं वेगळी काढा : तक्रार कशी सांगायची, 'समजलं नाही, पुन्हा सांगा' हे साहेबाला कसं म्हणायचं, सुरक्षेची सूचना कशी ऐकायची. ऑफिसमधलं काम इंग्रजीत चालतं म्हणून स्थानिक भाषा टाळणाऱ्यांना बढतीच्या वेळी ती भाषा आडवी येते.

पायरी ४ : रिझ्युमे

टोरांटोत अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपूलोस यांनी हजारो बनावट रिझ्युमे खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले. इंग्रजी नाव आणि कॅनडातलं शिक्षण-अनुभव असलेल्या अर्जांना जेवढी मुलाखतीची बोलावणी आली, त्याच्या एक तृतीयांशही बोलावणी भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि परदेशातलं शिक्षण-अनुभव असलेल्या अर्जांना आली नाहीत. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे. आँटेरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत 'कॅनडातला अनुभव हवा' अशी अट घालायला कायद्यानेच मनाई आहे. पण कायदा जाहिरातीपुरता आहे, वाचणाऱ्याच्या मनापर्यंत तो पोचत नाही.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली : परदेशी नाव तसंच ठेवून अनुभव कॅनडातला दाखवला, की बोलावणी वाढत होती. म्हणून नाव बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कष्ट घ्यायचे ते अनुभव तिथल्या माणसाला कळेल असा मांडण्यात.

मांडणी म्हणजे काय ते एका ओळीवरून बघू. मूळ रिझ्युमेत असं असतं :

'उत्पादन विभागात सहायक व्यवस्थापक या पदावर कार्यरत. सर्व प्रकारच्या जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या.'

वाचणाऱ्याला कंपनीचं नाव माहीत नाही, 'सहायक व्यवस्थापक' हे पद तिथे किती मोठं ते माहीत नाही. तीच ओळ अशी लिहिता येते :

'गाड्यांचे ब्रेक बनवणारा कारखाना, ६०० कामगार. रात्रपाळीच्या ४५ जणांची जबाबदारी. देखभालीचं वेळापत्रक बदलून यंत्रं बंद पडण्याचा वेळ महिन्याला ३० तासांवरून १८ तासांवर आणला.'

आता कंपनी कशाची, केवढी, तुमच्याकडे किती माणसं होती आणि तुमच्यामुळे काय बदललं, हे सगळं अनोळखी माणसालाही कळतं. रिझ्युमेतली प्रत्येक नोकरी अशी पुन्हा लिहा. आकडे खरेच हवेत, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. पदाचं नावही जाहिरातीतल्या भाषेत लिहा, फक्त पद फुगवू नका.

बाकी छोट्या गोष्टी : अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती लिहायची नसते. जर्मनीत फोटो लावायची पद्धत अजून दिसते, पण सक्ती नाही. स्थानिक फोन नंबर द्या, आणि काम करायची परवानगी कोणत्या प्रकारची आहे ते वरच एका ओळीत सांगून टाका. व्हिसाच्या भानगडीत पडायला नको म्हणून अर्ज बाजूला ठेवणारे मालक खूप असतात. परवानगी आधीच हातात असेल तर त्यांची शंका तिथेच फिटते.

पायरी ५ : पोटापुरतं काम किती दिवस?

हा भाग सगळ्यांत अवघड आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अंगावर कर्ज असेल, घरी पैसे पाठवायचे असतील, तर गोदामात, हॉटेलात, टॅक्सीवर, मिळेल ते काम करावं. त्यात कमीपणा काहीही नाही, आणि 'इतकं शिकून हे काय करतोस' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. प्रश्न आहे तो त्या कामात रुतून बसण्याचा. पहिले सहा महिने माणूस संध्याकाळी अर्ज करतो. मग ओव्हरटाइम सुरू होतो, अंग दुखतं, अर्ज आठवड्याला एकावर येतात, मग थांबतात. तीन वर्षांनी रिझ्युमे वाचणाऱ्याला शेवटचं काम गोदामातलं दिसतं, आणि आधीची दहा वर्षं त्याच्या नजरेतून सुटतात. कौशल्यालाही गंज चढतो.

म्हणून असं काम घेताना तीन गोष्टी विचारा. हे माझ्या क्षेत्राच्या जवळ नेतं का? इथे माझ्याबद्दल चार शब्द चांगले सांगेल असा स्थानिक साहेब मिळेल का? पाळी संपल्यावर भाषेच्या वर्गाला किंवा परीक्षेच्या अभ्यासाला वेळ उरेल का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर पगार जास्त असला तरी ते काम महाग आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधराला रात्रपाळीचं गोदाम आणि प्रयोगशाळेत नमुने धुण्या-मांडण्याचं कमी पगाराचं काम यांत निवड करता येत असेल, आणि घर कसंबसं चालत असेल, तर मी प्रयोगशाळाच सुचवीन. तिन्हींचं उत्तर 'नाही' असलेलं काम घ्यावंच लागलं, तर ते सोडायची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि घरातल्या माणसांना सांगून ठेवा.

आपल्याच देशबांधवाच्या दुकानात किंवा कंपनीत पहिलं काम मिळणं सोपं असतं. राहायची सोयही होते. पण भाषा वाढत नाही, बाहेरच्या ओळखी होत नाहीत, आणि 'आपलाच माणूस' म्हणून पावती, करार, ठरलेली सुट्टी या गोष्टी मागायची पंचाईत होते. तिथे थोडे महिने ठीक, जास्त नको.

विद्यार्थी म्हणून गेला असाल तर तासांची मर्यादा पाळाच. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, त्यामुळे ॲपवरून डिलिव्हरी करणं तिथे नियमभंग ठरू शकतं. रोख पैशांवर जादा तास देणारा मालक पुढे पगार बुडवतो तेव्हा त्याला पक्कं माहीत असतं की तुम्ही तक्रार करायला घाबराल.

पायरी ६ : ओळखी

'सायन्स' या पत्रिकेत २०२२ मध्ये आलेल्या एका प्रयोगात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या ओळखींचा ५ वर्षं अभ्यास केला होता. नोकरी बदलायला सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो जिवलग मित्रांपेक्षा थोड्याशा दूरच्या ओळखींचा. याचं कारणही समजण्यासारखं आहे : जवळच्या मित्रांना जी माहिती असते ती बहुतेक आपल्यालाही असते.

अनोळखी माणसाला 'माझ्यासाठी नोकरी आहे का' असं लिहिलंत तर उत्तर येत नाही. 'मी या क्षेत्रात आठ वर्षं काम केलंय, इथे नवीन आहे. इथली कामाची पद्धत समजून घ्यायला तुमची वीस मिनिटं मिळतील का?' याला उत्तरं येतात. बोलणं संपताना आणखी एका माणसाचं नाव मागा. पेशाच्या संघटनेचं सदस्यत्व, स्वयंसेवी काम, मुलांच्या शाळेतली पालकमंडळी, सगळं यातच आलं.

पायरी ७ : सही करण्याआधी

नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ सांगतो. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही आणि अपवादही आहेत, तरी मोठी रक्कम मागणारा दलाल ही धोक्याची खूण समजा. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नका. ओळखपत्रं काढून घेणं हे श्रम संघटनेने वेठबिगारीच्या लक्षणांत मोजलं आहे.

करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्या. पगार कापाकापीच्या आधीचा की हातात येणारा? प्रोबेशन किती? जर्मनीत ते जास्तीत जास्त सहा महिने असतं. ओव्हरटाइम वेगळा मिळतो का? राहायची जागा मालकाची असेल तर भाडं पगारातून किती कापणार? पहिली पगाराची पावती आली की ओळ अन् ओळ तपासा : तास, दर, कर, विमा, निवृत्तिवेतन. न समजलेली कपात त्याच महिन्यात विचारायची, वर्षभराने विचारणं अवघड जातं.

किमान वेतनाचा आकडा शोधताना एक लक्षात ठेवा. स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रिया, इटली या देशांत सगळ्यांना लागू असं कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही. तिथे कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या करारांवर दर ठरतात, म्हणून तुमच्या क्षेत्राच्या संघटनेलाच विचारावं लागतं.

पायरी ८ : व्हिसा मालकाला बांधलेला असेल तर

नोकरी गेली तर हातात किती दिवस असतात, हे नोकरी लागलेल्या दिवशीच माहीत करून घ्या. अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवस. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर गृहखात्याचं पत्र आल्यापासून साधारण ६० दिवस. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून मालकाने प्रायोजित केलेल्या कामगारांसाठी ही मुदत एका वेळी १८० दिवस केली आहे. कतारमध्ये २०२० पासून नोकरी बदलायला जुन्या मालकाची परवानगी लागत नाही, तरी कामाच्या जागी 'परवानगी आणा' अशी जुनीच भाषा ऐकू येते. तेव्हा नियम तोंडपाठ असलेला बरा.

कामाचे तास रोज स्वतःच्या वहीत लिहा. सुरुवात, शेवट, सुट्टी, साहेबाचं नाव. मेसेजचे फोटो कंपनीच्या फोनवर न ठेवता स्वतःच्या फोनवर ठेवा. पगाराचा वाद झाला तर हीच वही कामी येते. ऑस्ट्रेलियात फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाची मदत मोफत असते, आणि तिथले कामगार हक्क व्हिसा कुठला यावर ठरत नाहीत. जर्मनीत कामावरून काढल्याचं पत्र सहीनिशी कागदावरच द्यावं लागतं, आणि त्याला न्यायालयात आव्हान द्यायला पत्र मिळाल्यापासून फक्त ३ आठवडे असतात. राग शांत होईपर्यंत थांबायला त्यात वेळ नसतो.

पायरी ९ : बरोबर आलेला जोडीदार

ही पायरी शेवटी लिहिली असली तरी हिची सुरुवात पहिल्या आठवड्यात करायची आहे. श्रम संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगभरच्या स्थलांतरित पुरुषांपैकी ७२.८ टक्के कामावर होते, स्त्रियांपैकी फक्त ४८.१ टक्के. ज्याच्या नोकरीवर कुटुंब गेलं त्याचं सगळं मार्गी लागेपर्यंत दुसऱ्याची दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि रिझ्युमेतलं ते भगदाड भरणं नंतर फार जड जातं. मी पाहिलेल्या उदाहरणांत जोडीदाराची पदवी मुख्य अर्जदाराच्या तोडीची, कधी वरचीही असायची.

जोडीदाराला काम करता येतं का, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं. जर्मनीतही कुटुंब म्हणून आलेल्याला कामाची मुभा असते. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्यांना २०१५ पासून ही मुभा मिळते, पण ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना. देश निवडायची संधी असेल तर हा मुद्दा पगाराच्या आकड्याइतकाच तोलून बघा.

दोघांचंही पदवी-मूल्यांकन एकाच वेळी पाठवा. भाषेच्या वर्गात दोघांचीही नावं घाला, हवं तर एकाने सकाळची तुकडी घ्यावी आणि दुसऱ्याने संध्याकाळची. लहान मूल असेल तर पाळणाघराचा अर्ज घराचा पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात भरा. बऱ्याच शहरांत पाळणाघराची प्रतीक्षायादी काही महिन्यांची असते, आणि जागा मिळेपर्यंत जोडीदाराला मुलाखतीला जाणंही जमत नाही.